टाक्यात पाणी आहे का?

एप्रिल महिन्यात हरिश्चंद्रगडावर जायचे आहे. बरोबर नववीची तीस मुले आहेत आणि मुक्काम वरच करायचा आहे. तर प्रत्येकाच्या पाठीवर पाणी किती द्यावे? वर पिण्याजोगे पाणी मिळणार असेल तर चढण्यापुरते पुरे. नसेल तर माणशी निदान दोन लिटर जास्त, म्हणजे सगळ्यांचे मिळून साठ किलो ओझे वाढले, आणि उन्हाळ्यातल्या चढावर ते मुलांना चांगलेच जाणवते. कमी नेले आणि वर टाके आटलेले निघाले, तर काय होईल ते सांगायलाच नको.

या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी लिहून ठेवलेले असते. महाराष्ट्रात गडकिल्ल्यांवर जाणारे हजारो लोक आहेत आणि परत आल्यावर लिहिण्याची हौसही दांडगी. वह्या, दिवाळी अंक, मंडळांच्या वार्षिक पत्रिका, शाळेच्या हस्तलिखितातला ‘आमची सहल’ हा लेख, आणि आता संगणकावर साठलेले वृत्तांत. उत्तर त्यात आहे, पण ते सापडत नाही. लिहिणाऱ्याने वृत्तांत वाचण्यासाठी लिहिलेला असतो. पहाटेची एस.टी., धुक्यातले झाडोरे, कोणाची चप्पल तुटली, हे सगळे त्यात क्रमाने येते. जाणाऱ्याला मात्र वृत्तांत वाचायचा नसतो, त्याला प्रश्न विचारायचा असतो. वाचण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला प्रश्न कसा विचारायचा, हा माहितीशास्त्रातला जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे. तो समजून घ्यायला सहलीच्या वृत्तांतांसारखे दुसरे सोपे साधन आम्हांला दिसत नाही.

समजा, आपल्या कपाटात असे दोनशे वृत्तांत आहेत. बहुधा ते आले त्या क्रमाने एकावर एक ठेवलेले असतील. या रचनेत ‘सर्वांत अलीकडचा कोणता?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर चटकन मिळते. बाकी कशासाठीही दोनशेच्या दोनशे चाळावे लागतात. मग कोणीतरी सुचवते, जिल्ह्याप्रमाणे खण करा. पण हरिश्चंद्रगड अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा आहे. पाचनईची वाट अकोले तालुक्यातून येते, खिरेश्वरहून टोलार खिंडीने येणारी वाट जुन्नर तालुक्यातली, आणि बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट मुरबाड तालुक्यातली. एकच गड, तीन जिल्हे. वृत्तांत कोणत्या खणात ठेवायचा? बरे, गडाप्रमाणे खण केले तर ‘एप्रिलमध्ये सह्याद्रीत पाणी कुठे कुठे मिळते?’ असे विचारणारा पुन्हा सगळे खण उपसणार.

अडचण अशी की वस्तू एका वेळी एकाच जागी राहू शकते, पण तिच्याविषयी विचारायचे प्रश्न अनेक बाजूंनी येतात. ग्रंथालयांना ही अडचण फार पूर्वीपासून भेडसावत होती. तिच्यावर मूलगामी विचार केला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी क्रेन होते, कधी पूल. विषयांचेही असेच करता येईल असे त्यांच्या मनात आले. प्रत्येक विषयासाठी आधीच एक ठरलेला खण करून ठेवण्याऐवजी विषयाचे पैलू पाडायचे आणि लागेल तशी त्यांची जोडणी करायची. 1933 साली प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती या विचारावर उभी आहे. पुढे त्यांनी पैलूंचे पाच मूलभूत प्रकार सांगितले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल.

आपल्या वृत्तांतांना इतके तत्त्वज्ञान नको. पण ‘कुठे, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात, पाणी होते का, मुक्कामाची सोय होती का’ हे पैलूच आहेत, आणि त्यांची जोडणी करता आली पाहिजे. संगणक सर्वत्र पोचण्यापूर्वी अनेक प्रयोगशाळांमध्ये आणि कार्यालयांमध्ये यासाठी काठावर भोके असलेली कार्डे वापरत. वर्गात करून पाहायला ही युक्ती इतकी छान आहे की तिच्यावर थोडे रेंगाळायला हरकत नाही.

साधी पोस्टकार्डे घ्या, प्रत्येक वृत्तांताला एक. पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब असते. त्याच्या वरच्या लांब काठाला एक-एक सेंटिमीटर अंतरावर 12 भोके पाडा. ती सर्व कार्डांवर अगदी एकाच जागी आली पाहिजेत, म्हणून एक कार्ड नमुना म्हणून ठेवावे. उजवा वरचा कोपरा तिरका कापा, म्हणजे गठ्ठ्यात एखादे कार्ड उलटे घुसले तर लगेच दिसेल. आता प्रत्येक भोकाला एक अर्थ द्या. समजा, पाचवे भोक म्हणजे ‘वर पिण्याजोगे पाणी होते’. ज्या वृत्तांतात हे खरे असेल त्याच्या कार्डावर भोकापासून काठापर्यंतचा कागद कात्रीने कापून टाका. भोकाची खाच होईल. ज्यात खरे नसेल तिथे भोक तसेच राहू द्या.

गठ्ठा नीट जुळवून हातात धरा, पाचव्या भोकातून स्वेटर विणायची सुई आरपार घाला आणि सुई उचलून हलकेच हलवा. ज्या कार्डांना खाच आहे ती खाली पडतील, बाकीची सुईला लटकून राहतील. दोनशे कार्डांतून हवी ती निवडायला दहा सेकंद पुरतात, आणि मूळ क्रम लावण्याची भानगडच नाही. पडलेली कार्डे गठ्ठ्यात कुठेही परत सारली तरी चालतात.

यापुढची मजा गणिताच्या तासाला दाखवण्याजोगी आहे. दोन भोकांत एकाच वेळी दोन सुया घातल्या तर दोन्हीकडे खाच असलेलीच कार्डे पडतात. हा झाला संचांचा छेद: ‘पाणी होते आणि मुक्कामाला गुहा होती’. एका सुईने पडलेली कार्डे बाजूला ठेवून उरलेल्या गठ्ठ्यात दुसरी सुई चालवली आणि दोन्ही वेळची पडलेली कार्डे एकत्र केली की संयोग. सुईवर लटकून राहिलेली म्हणजे पूरक संच. आठवीच्या मुलांना वेन आकृती कळायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी कमी वेळात हे हाताला कळते, असा आमचा अनुभव आहे.

महिन्यासाठी मात्र 12 भोके खर्चली तर बाकी कशालाच जागा उरणार नाही. चार भोके घ्या आणि त्यांना 1, 2, 4, 8 अशा किमती द्या. मे हा पाचवा महिना, म्हणून 4 आणि 1 यांना खाच. डिसेंबर म्हणजे 8 आणि 4. एप्रिलला फक्त 4. आता एप्रिलची कार्डे काढायची तर आधी 4 च्या भोकात सुई घाला. एप्रिल, मे, जून, जुलै आणि डिसेंबर अशी पाच महिन्यांची कार्डे पडतील. पडलेल्यांतून 1 च्या सुईने मे आणि जुलै पाडून टाका, 2 च्या सुईने जून, 8 च्या सुईने डिसेंबर. लटकून राहिली ती एप्रिलची. जागा वाचली पण सुया चार वेळा चालवाव्या लागल्या. जागा आणि वेळ यांची ही अदलाबदल संगणकशास्त्रात पावलोपावली भेटते. इथे ती पोस्टकार्डावर दिसते इतकेच.

कार्डांची मर्यादाही उघड आहे. जे प्रश्न आपल्याला आधी सुचले त्यांनाच भोके असतात. उद्या कोणी विचारले, ‘मधमाश्यांचा त्रास कुठे झाला होता?’ तर त्यासाठी भोक नाही. पण वृत्तांतात तो शब्द असणार. म्हणून दुसरी पद्धत: शब्दांची सूची. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, फक्त निवडक शब्दांची नव्हे तर सगळ्या शब्दांची. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या वृत्तांतात आला त्यांचे क्रमांक चढत्या क्रमाने लिहायचे. आजची सगळी शोधयंत्रे मुळात अशाच उलट्या सूचीवर चालतात. समजा, ‘टाके’ या शब्दापुढे 3, 8, 15, 22, 31, 40 असे क्रमांक आहेत आणि ‘एप्रिल’पुढे 8, 19, 31, 52. दोन्ही शब्द असलेले वृत्तांत हवे आहेत. प्रत्येक यादीच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवा. जे बोट लहान संख्येवर असेल ते एक घर पुढे सरकवा. दोन्ही बोटे सारख्या संख्येवर आली की ती टिपून घ्या आणि दोन्ही पुढे सरकवा. 8 आणि 31 मिळतात. पहिल्या यादीतली प्रत्येक संख्या दुसरीतल्या प्रत्येकीशी ताडून पाहिली असती तर 24 तुलना झाल्या असत्या. बोटे मात्र दोन्ही मिळून फार तर 10 वेळा सरकतात. याद्या लाखांच्या झाल्या की हा फरक प्रचंड होतो.

इथपर्यंत सगळे सुरळीत आहे. खरी गंमत, किंवा खरी पंचाईत, मराठीत शिरल्यावर सुरू होते.

वृत्तांत लिहिणारा क्वचितच नुसते ‘टाके’ लिहितो. तो टाक्यात, टाक्यातले, टाक्यांपाशी, टाक्याजवळून असे लिहितो, आणि बोलीत लिहीत असेल तर ‘टाकं’. संगणकाला ही सगळी वेगवेगळी अक्षरमाला. इंग्रजीत नामाची दोन-तीन रूपे होतात. मराठीत सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मिळून एकेका नामाची शेकडो होतात. उपाय सोपा वाटतो: शेवटचे प्रत्यय कापून टाका. ‘रायगडावर’मधून ‘वर’ काढा, सामान्यरूपाचा ‘आ’ काढा, ‘रायगड’ मिळाला. पण हाच नियम ‘सरोवर’ला लावला तर ‘सरो’ उरते. ‘त’ कापायला सांगितले तर ‘पर्वत’चे ‘पर्व’ होते, आणि तो तर वेगळाच शब्द. म्हणून नुसत्या नियमांवर भागत नाही, बरोबर शब्दकोश आणि अपवादांची यादी बाळगावी लागते. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांना प्रत्यय कापणारे यंत्र ‘बनवायला’ सांगून पाहावे. पाच नियम सुचतात आणि त्यांना पन्नास अपवाद सापडतात.

त्यातून ‘टाके’ हा शब्द फारच द्वाड. गडावरचे खडकात खोदलेले टाके. त्याचे अनेकवचन टाकी. सिमेंटची टाकी वेगळी, पाथरवटाची टाकी आणखी वेगळी. आणि घसरून पडलेल्या गड्याच्या गुडघ्याला पडलेले चार टाके? पाण्याच्या शोधात तो वृत्तांतही हजर होतो. दुसऱ्या बाजूने, पाण्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण ‘टाके’ म्हणेलच असे नाही. पुष्करणी, कुंड, हौद, झरा, विहीर, पाणवठा, काहीही म्हणेल. म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ आणि एका अर्थाचे अनेक शब्द, अशी दुहेरी अडचण. पहिलीमुळे नको ते हाती येते, दुसरीमुळे हवे ते सुटते. दुसरीवर समानार्थी शब्दांची यादी जोडणे हा उपाय आहे. पहिलीवर आजूबाजूचे शब्द पाहणे. ‘टाके’च्या शेजारी ‘डॉक्टर’ आणि ‘गुडघा’ असेल तर तिथे पाण्याची आशा नको.

गावांच्या नावांचीही हीच तऱ्हा. हरिश्चंद्रगड, हरीश्चंद्रगड, हरिश्चन्द्रगड, तिन्ही लेखनप्रकार आढळतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचा भेद शोधापुरता पुसून टाकला की यांतले बहुतेक एकत्र येतात. उच्चाराने जवळची नावे एका संकेतात बसवण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेत आडनावांसाठी अशा एका पद्धतीचे पेटंट 1918 साली दिले गेले आणि तिथल्या जनगणनेच्या नोंदी शोधायला ती वापरली गेली. पण एकाच नावाच्या अनेक जागांवर तिचा उपयोग नाही. भैरवगड मोरोशीजवळ आहे, शिरपुंज्याजवळ आहे, कोयनेच्या बाजूला हेळवाकजवळही आहे. ‘रायगड’ असे शोधले तर शिवाजी महाराजांच्या राजधानीबरोबर कर्नाळा आणि सुधागडचे वृत्तांतही येतात, कारण कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले. इथे एकच उपाय: नावावर विसंबू नये, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. ते नोंदले की ‘या गडापासून दहा किलोमीटरच्या आत’ असाही शोध घेता येतो. त्यासाठी नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक वृत्तांत त्याच्या चौकोनात टाकतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांशांचे असतात. अक्षांशाच्या दिशेने हे सुमारे 28 किलोमीटर भरते. फक्त एक पथ्य: आपली जागा चौकोनाच्या काठावर असेल तर शेजारचे आठही चौकोन तपासावेत. जवळचा पाणवठा नेमका पलीकडच्या नकाशावर असतो.

सापडलेल्या वृत्तांतांत आधी कोणता वाचावा? 1972 साली केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक साधा विचार मांडला: जो शब्द थोड्या ठिकाणी येतो तो अधिक वजनाचा. दोनशे वृत्तांतांपैकी समजा 180 मध्ये ‘पाणी’ आहे आणि फक्त 5 मध्ये ‘नळीची वाट’. एकूण वृत्तांतांना शब्द असलेल्या वृत्तांतांनी भागून लॉगॅरिथम घ्या. पहिल्याचे वजन सुमारे 0.046, दुसऱ्याचे 1.6. म्हणजे ‘नळीची वाट’ ‘पाणी’पेक्षा पस्तीसपट बोलकी. लॉग टेबलचा असा उपयोग मुलांना क्वचितच दाखवला जातो.

आता मूळ मुद्दा. शोध चांगला झाला की वाईट, हे ठरवायचे कसे? समजा, दोनशेपैकी 12 वृत्तांत खरोखर आपल्या कामाचे आहेत. शोधाने 20 दिले, त्यांत कामाचे 9. मिळालेल्यांपैकी 45 टक्के उपयोगी, ही झाली अचूकता. उपयोगी होते त्यांपैकी 75 टक्के मिळाले, ही झाली व्याप्ती. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी या दोन मापांनी निरनिराळ्या सूचींची परीक्षा घेतली, तेव्हा सर्वसाधारणपणे एक वाढवायला गेले की दुसरी घटते असे दिसले. शिवाय दोघींत एक मोठा फरक आहे. आलेले वीस वृत्तांत वाचून अचूकता कोणालाही काढता येते. व्याप्ती मात्र सगळे दोनशे वाचल्याशिवाय कळत नाही. काय सुटले हे शोधणाऱ्याला दिसतच नाही. कथा वाचायची असेल तर तीन सुटल्याने बिघडत नाही. पाण्याचा प्रश्न असेल, आणि सुटलेल्या तिघांपैकी एकात ‘एप्रिलमध्ये टाके कोरडे होते’ असे वाक्य असेल, तर मात्र बिघडते. म्हणून अशा वेळी अकरा वृत्तांत फुकट वाचावे लागले तरी कुरकुर करू नये, शोध सैलच ठेवावा.

तरीही एक उणीव राहते, ती कोणत्याही सूचीने भरून निघत नाही. जे माघारी फिरतात ते सहसा लिहीत नाहीत. वाट चुकली, पाणी संपले, खिंडीतून परत आलो, यावर लेख कोण लिहितो? त्यामुळे वृत्तांतांचा साठा मुळातच यशाकडे झुकलेला असतो. या बाबतीत काठमांडूच्या एलिझाबेथ हॉली यांचे काम आम्हांला फार मोलाचे वाटते. अमेरिकेत जन्मलेल्या हॉली 1960 साली नेपाळमध्ये आल्या, वार्ताहर म्हणून काम करू लागल्या आणि 1963 च्या सुमारास हिमालयातल्या मोहिमांची नोंद ठेवू लागल्या. स्वतः त्यांनी एकही शिखर चढले नाही. मोहीम काठमांडूत उतरली की त्या आपल्या निळ्या मोटारीतून हॉटेलवर हजर. मोहीम परतली की पुन्हा हजर. 2018 साली त्या वारल्या, तोवर सुमारे अर्धे शतक हे काम चालले. रिचर्ड सॅलिसबरी यांनी या नोंदी संगणकात भरल्या आणि 2004 साली त्या ‘हिमालयन डेटाबेस’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. मोहीम कोणत्या शिखरावर, कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने, कोण कोण होते, हे सगळे त्यात वेगवेगळ्या रकान्यांत आहे. आणि एक रकाना आहे, मोहीम का संपली याचा. शिखर गाठले म्हणून, की हवा बिघडली म्हणून, की कोणी आजारी पडले म्हणून. हॉली परतणाऱ्या प्रत्येकाला विचारत, नुसत्या यशस्वी गटांना नव्हे. म्हणूनच एखाद्या शिखरावर धोका किती, याचा हिशोब या नोंदींवरून करता येतो. केवळ यशोगाथा जमवल्या असत्या तर त्या भागाकारातली खालची संख्याच आपल्याकडे नसती.

काळाबद्दलही बोलले पाहिजे. ‘गेल्या महिन्यात गेलो होतो’ असे लिहिलेला कागद दहा वर्षांनी हाती आला तर त्याला महिनाही नाही आणि वर्षही नाही. लिहिल्याची तारीख वेगळी, पाहिल्याची वेगळी, आणि आपल्याला पाहिल्याची हवी असते. ‘चैत्रात’ असे लिहिले असेल तर अधिक मासामुळे तो चैत्र मार्चमध्ये पडला होता की एप्रिलमध्ये, हे वर्ष माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. आणि डोंगर स्थिर असतो हा समजही काही खरा नाही. इरसाळगडाचे 2023 पूर्वीचे वृत्तांत वाचा. चौकहून निघून इरसाळवाडीत पोचल्याचे, तिथे पाणी प्यायल्याचे, कोणाच्या तरी अंगणात टेकल्याचे उल्लेख त्यांत भेटतात. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि ती वाडी ढिगाऱ्याखाली गेली. वाटाड्या म्हणून ते वृत्तांत आता चालणार नाहीत, शोधात ते वर येता कामा नयेत. पण म्हणून रद्दीत घालायचेही नाहीत. ते अंगण कसे होते, घरे किती होती, झरा कोणत्या बाजूला वाहत होता, हे आता त्यांतच आहे, आणि दरडींचा अभ्यास करणाऱ्याला उद्या नेमके तेच लागेल.

शाळेच्या सहलीपुरते म्हणाल तर निबंध मुलांना हवा तसा लिहू द्यावा. त्याच्या मागे एक पोस्टकार्ड टाचावे. त्यावर जागेचे नाव आणि तालुका, गेलो तो दिवस वर्षासह, चढलो ती वाट आणि उतरलो ती वाट, पाणी कुठे पाहिले आणि ते प्यायले का, काय जमले नाही आणि का, एवढेच. ‘पाणी नव्हते’ आणि ‘पाहिले नाही’ यांना मात्र दोन वेगळी भोके ठेवावीत.